हत्तीरोग निर्मूलनातील गणितीय प्रारूपे

हत्तीरोगाचा प्रसार, औषधोपचाराचा परिणाम आणि मोहीम थांबविण्याची योग्य वेळ यांचा अंदाज बांधण्यासाठी वापरली जाणारी समीकरणे व संगणकीय सदृशीकरणे म्हणजे हत्तीरोगाची गणितीय प्रारूपे होत. हत्तीरोग हा जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीतील एक आजार आहे. तो डासांमार्फत पसरतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा धाग्यासारखा कृमी त्याचे प्रमुख कारण आहे. पायांची कायमची सूज आणि अंडवृद्धी ही त्याची परिचित लक्षणे संसर्गानंतर अनेक वर्षांनी दिसतात. त्यामुळे रुग्णांची संख्या पाहून आजचा प्रसार किती आहे हे कळत नाही. प्रारूपांची गरज मुख्यतः येथूनच उद्भवते.

पार्श्वभूमी

डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांचा गणिती विचार रोनाल्ड रॉस यांच्यापासून सुरू झाला. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधणाऱ्या रॉस यांनी पुढे असे दाखविले की, हिवताप संपविण्यासाठी सर्व डास मारावे लागत नाहीत. त्यांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणणे पुरेसे असते. कृमिजन्य रोगांसाठी अशा मर्यादेची वेगळी मांडणी जॉर्ज मॅक्डोनल्ड यांनी १९६५ मध्ये केली. कृमींमध्ये नर व मादी स्वतंत्र असतात. एकाच माणसाच्या शरीरात दोन्ही नसतील तर संतती निर्माण होत नाही. म्हणून समाजातील कृमींची संख्या फार घटली की जोड्या जुळेनाशा होतात आणि शेवटचा कृमी मारला नाही तरी संसर्ग आपोआप संपुष्टात येतो.

हत्तीरोगाचा प्रसार मुळातच अकार्यक्षम आहे. रंगून येथील माहितीवर आधारलेल्या १९६८ मधील एका प्रसिद्ध अभ्यासानुसार, एका व्यक्तीच्या रक्तात सूक्ष्मकृमी दिसू लागण्यासाठी संसर्गक्षम डासांचे सरासरी सुमारे १५,५०० दंश व्हावे लागतात. हिवतापाशी तुलना करता हा आकडा अवाढव्य आहे. या रोगाचे निर्मूलन शक्य मानले गेले त्यामागे हेही एक कारण आहे.

पुदुच्चेरीची माहिती आणि प्रमुख प्रारूपे

या क्षेत्रातील दोन मूळ प्रारूपे, एपिफिल आणि लिम्फासिम, १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. दोन्हींच्या जडणघडणीत पुदुच्चेरीतील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने गोळा केलेली माहिती वापरली गेली. १९८१ ते १९८५ या काळात तेथे एकात्मिक डासनियंत्रण राबविले गेले होते आणि लोकांचे रक्तनमुने व डासांची मोजणी या दोन्हींच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. एपिफिल हे प्रारूप लोकसंख्येतील सरासरी कृमिभाराचा हिशेब मांडते. लिम्फासिम मात्र प्रत्येक काल्पनिक व्यक्तीचे आयुष्य स्वतंत्रपणे चालविते: तिला किती डास चावतात, तिच्या शरीरात किती कृमी आहेत आणि ती गोळ्या घेते की नाही. ट्रान्सफिल हे नंतरचे प्रारूपही व्यक्तिनिष्ठ आहे.

डासांच्या प्रजातीमुळे गणित बदलते. भारतातील मुख्य वाहक क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस हा आहे. त्याने रक्तासोबत जितके जास्त सूक्ष्मकृमी शोषावेत, तितके त्यांच्यापैकी पूर्ण वाढणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. याची उलट बाजू त्रासदायक आहे. औषधांनी माणसांच्या रक्तातील सूक्ष्मकृमी विरळ झाले की उरलेल्यांना डासात वाढण्याची संधी अधिक मिळते. काही ॲनोफेलीस डासांत याच्या विरुद्ध घडते आणि तेथे रोग संपविणे सोपे जाते. सॉलोमन बेटांवर हिवतापासाठी केलेल्या फवारणीनेच हत्तीरोगही ओसरला.

व्याप्ती आणि वारंवार वगळले जाणारे लोक

जागतिक निर्मूलन कार्यक्रम २००० मध्ये सुरू झाला. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांना वर्षातून एकदा, ४ ते ६ वर्षे औषधे द्यावीत, असे त्याचे मूळ सूत्र होते. प्रौढ कृमी साधारण तेवढीच वर्षे जननक्षम राहतो, हा त्यामागचा तर्क होता.

या सूत्रातील कच्चा दुवा साध्या अंकगणितानेही दिसतो. समजा, १ लाख वस्तीच्या गावात पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत ६५ टक्के लोकांनी गोळ्या घेतल्या. दरवेळी वगळले जाणारे ३५ टक्के लोक वेगवेगळे असतील, तर पाचही फेऱ्यांत एकदाही औषध न घेतलेले लोक सुमारे ५२५ उरतात. मात्र दरवेळी तेच लोक वगळले जात असतील तर ही संख्या ३५,००० होते. अहवालात दोन्ही गावांची व्याप्ती ६५ टक्केच दिसते! प्रत्यक्षातील गावे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. रोजगारासाठी स्थलांतर करणारे, दुष्परिणामांच्या भीतीने गोळ्या बाजूला ठेवणारे किंवा ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणारे लोक बहुधा पुढच्या वर्षीही तेच असतात. गोळी हाती देणे आणि ती समोर गिळलेली पाहणे यांतील फरक मोजणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

भारतात सामूहिक औषधोपचार मोहीम २००४ मध्ये सुरू झाली. अनेक जिल्ह्यांत ती अपेक्षित पाच-सहा फेऱ्यांत संपली नाही. पुढे डायइथिलकार्बामाझिन आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याचा पर्याय आला. या तीन औषधांनी फेऱ्यांची संख्या घटू शकते, परंतु त्यासाठी व्याप्ती पुरेशी हवी, असा निष्कर्ष तीन प्रारूपे एकत्र चालवून काढण्यात आला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निवडक परिस्थितीत या उपचाराची शिफारस केली. भारतात तो प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत बिहारमधील अरवलबरोबर महाराष्ट्रातील नागपूरचाही समावेश होता.

मोहीम कधी थांबवावी

सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. मोहीम लवकर थांबविली तर रोग परततो. लांबविली तर मनुष्यबळ व पैसा अडकून पडतो आणि लोकांचा विश्वास घटतो. सामान्यतः ६ ते ७ वर्षे वयाच्या मुलांच्या रक्तातील प्रतिजन तपासून निर्णय घेतला जातो. या वयात संसर्ग सापडणे म्हणजे प्रसार अलीकडे चालू असल्याची खूण.

अमेरिकन सामोआचे उदाहरण या पद्धतीची मर्यादा दाखविते. तेथे २००० ते २००६ या काळात सात फेऱ्या झाल्या आणि २०११ व २०१५ मधील दोन्ही चाचण्या यशस्वी ठरल्या. तरीही २०१६ मध्ये रोग परतल्याचे आढळले. संसर्ग काही वस्त्यांत आणि प्रौढांमध्ये टिकून राहिला होता. शाळकरी मुलांच्या सरासरीत तो दिसला नव्हता. व्यक्तिनिष्ठ प्रारूपांतून अशा घटनेची शक्यता सांगता येते. तीच परिस्थिती संगणकावर हजारो वेळा चालविली असता काही वेळा रोग संपतो व काही वेळा परत येतो. म्हणून उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नसून संभाव्यतेच्या स्वरूपात मिळते.

मर्यादा

पुदुच्चेरीच्या शहरी माहितीवर बेतलेले प्रारूप गडचिरोलीच्या विरळ वस्तीला जसेच्या तसे लागू पडत नाही. डासदंशांची संख्या आणि वारंवार वगळल्या जाणाऱ्या लोकांचे प्रमाण या दोन गोष्टींवर निष्कर्ष सर्वाधिक अवलंबून असतात आणि नेमक्या त्यांच्याच नोंदी सर्वांत तुटपुंज्या असतात. भारतातील सूक्ष्मकृमी प्रामुख्याने रात्रीच रक्तात उतरत असल्याने त्यांच्या तपासणीसाठी घरोघरी रात्री रक्तनमुने घ्यावे लागतात, आणि ज्यांनी गोळी टाळली तेच पुष्कळदा बोट पुढे करण्यासही नकार देतात.