शंभर इंचांचे चार इंच

फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १०० इंच. १:२५ प्रमाणाच्या मॉडेलसाठी ते पंचवीस पट लहान केलं की बरोबर चार इंच उरतात. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटीहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या आणि यथावकाश त्यांतल्या बऱ्याच भंगारात गेल्या. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या भंगारातून उचलल्या, मडगार्ड काढून टाकले, टप उतरवला, इंजिनाची ताकद वाढवली आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवल्या. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. या हौशी मंडळींनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचं ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, आणि गॅरेजमधला हा उद्योग अमेरिकाभर पोचला.

त्यामागोमाग प्लॅस्टिकच्या मॉडेलची खोकी आली. १९५८ मध्ये एएमटी कंपनीनं एकाच खोक्यातून तीन प्रकारे जोडता येणारी गाडी विकायला काढली: कारखान्यातून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. मुलांना एवढ्यानं भागेना. दोन खोक्यांतले भाग एकत्र करणं, तापवलेल्या सुरीनं टप कापून बुटका करणं, असे प्रयोग घरोघर सुरू झाले. त्यांतले काही जण खोकं बाजूला ठेवून कोऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याकडे वळले. मला या लोकांबद्दल विशेष आदर आहे. खरी हॉट रॉड कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात नव्हती. काय ठेवायचं, काय कापायचं, किती खाली बसवायचं, हे बांधणाऱ्यानं गाडीशेजारी उभं राहून ठरवलं. हे निर्णय पुन्हा स्वतः घेतल्याशिवाय तिचं मॉडेल खऱ्या अर्थानं आपलं होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोऱ्या पत्र्यापासून बांधायला टी-बकेटसारखी गाडी नाही. नॉर्म ग्राबोव्स्कीची टी-बकेट त्यातली सगळ्यात गाजलेली. मॉडेल टीच्या बॉडीचा फक्त पुढचा भाग, मागे मॉडेल ए पिकअपचा आखूड केलेला हौदा आणि उघडं कॅडिलॅक इंजिन. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘७७ सनसेट स्ट्रिप’ या दूरचित्रवाणी मालिकेनं ती घराघरांत नेली. अशा गाडीला बोनेट नसतं, मडगार्ड नसतात. चासी, ॲक्सल, स्टिअरिंगचा दांडा, एक्झॉस्टचे पाइप, सगळं डोळ्यांसमोर असतं. बांधणाऱ्याला काही लपवता येत नाही.

सुरुवात चासीपासून. टी-बकेटला बहुधा दोन बाय तीन इंची पोलादी चौकोनी नळी वापरतात. १:२५ प्रमाणात तिची पॉलिस्टायरिनची पट्टी होते साधारण दोन मिलिमीटर बाय तीन मिलिमीटर. पत्रा आरपार कापायचा नसतो. स्टीलची पट्टी धरून कटरची एक हलकी रेघ मारायची आणि वाकवायचा. तो रेघेवर कट्कन तुटतो. रेघेच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकची बारीक वरंबी उठते. ती पात्यानं खरवडली नाही, तर जोड कधीच बसत नाही. दोन तुकडे भिडवून फटीला द्रावकाचा ब्रश टेकवला की द्राव आपोआप आत ओढला जातो, कडा विरघळतात आणि एकजीव होतात. पॉलिश पेपर लगेच फिरवायचा नाही. मऊ असतानाच घासला, तर द्राव उडून गेल्यावर जोड खाली बसतो आणि रंगाखाली रेघ उमटते. थरावर थर चिकटवताना द्रावक हात राखून लावावा; आत कोंडलेला द्राव महिन्यांनंतरही पट्टी वाकवतो. काही द्रावकांत डायक्लोरोमिथेनसारखी घातक रसायनं असतात, तेव्हा खिडकी उघडी हवीच.

बॉडीचं पुढचं वळण एकाच दिशेचं असल्यानं पाव मिलिमीटरचा पत्रा गोल दांड्यावर टेपनं बांधून उकळत्या पाण्यात धरला, की तो वळण पकडतो. तसे दोन थर एकमेकांवर बसवायचे. मागचे कोपरे मात्र दोन्ही दिशांना वळतात. तिथे आत आडव्या फासळ्या उभ्या करून मधली जागा प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी आणि पुट्टीनं भरून, बारीक कानशीनं आकार काढावा लागतो. या कामाला घाई चालत नाही.

खरा कस जाडीचा. गाडीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाड. मॉडेलवर तो ०.०४ मिलिमीटर हवा. साच्यातून निघणाऱ्या खोक्यातल्या बॉडीची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास धरली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ती २५ मिलिमीटरची, चिलखती गाडीसारखी. सगळी बॉडी तेवढी पातळ करणं शक्य नाही, गरजही नाही. नजर जिथे पडते ती कड आतून तासून धारदार केली की मेंदू उरलेल्या जाडीवरही विश्वास ठेवतो. रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवर तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जाड असतो. मॉडेलवर तेवढाच चढला, तर तो अडीच मिलिमीटरचा लेप ठरतो, आणि दाराच्या फटी बुजून जातात.

इंजिनाला नियम तोच. १९५५ च्या शेव्हर्ले व्ही-८ मध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर ४.४ इंच, म्हणजे मॉडेलवर साडेचार मिलिमीटर. प्लगची सात मिलिमीटरची वायर इथे ०.२८ मिलिमीटरची तार होते. जाड तार लावली, की बाकीचं इंजिन कितीही अचूक असो, नजर तिथेच अडते.

अमेरिकेत या कारागिरीला प्रतिष्ठाही होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० मध्ये मुलांसाठी क्राफ्ट्समन्स गिल्ड सुरू केलं. पुढे मुलं स्वतःच्या कल्पनेतली मोटार १:१२ प्रमाणात घडवत, बहुधा लाकडात. मोबदल्यात शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. गिल्ड १९६८ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी मोनोग्राम कंपनीनं टॉम डॅनियलनं कल्पिलेली ‘रेड बॅरन’ बाजारात आणली: टी-बकेटच, पण टपाच्या जागी पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण. अशी गाडी तोवर कुठेही नव्हती. प्लॅस्टिकचं ते मॉडेल समोर ठेवून डेट्रॉइटच्या चक मिलरनं माणूस बसेल एवढी खरी गाडी बांधली, आणि तिच्यात पॉन्टिॲकचं सहा सिलिंडरांचं इंजिन बसवलं.