कर्नेलचे उत्तर

कलाशाखेच्या वार्षिकांकात कविता असाव्यात, ललित लेख असावेत. कर्नेलवरचा लेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण मला हा विषय भाषेचाच वाटतो. प्रश्न विचारणे, उत्तर ऐकणे आणि त्या उत्तराचा नेमका अर्थ लावणे, याखेरीज त्यात दुसरे काय आहे?

संगणकातील कोणतीही आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, स्वतः फाइल उघडू शकत नाही की डिस्कवर एक अक्षर लिहू शकत नाही. यंत्राचा खरा ताबा असतो कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे. प्रोग्रॅमने त्याला विनंती करायची. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. कचेरीच्या खिडकीतून अर्ज आत सरकवावा, तसा हा प्रकार. आतून उत्तर येते ते मात्र केवळ एका संख्येचे, आणि सारा घोळ होतो तो ती संख्या वाचण्यात.

लिनक्सचे उदाहरण घेऊ. फाइल उघडण्याची विनंती मान्य झाली की ० किंवा त्याहून मोठा क्रमांक मिळतो. येथे ० म्हणजे 'काही नाही' असे समजू नये. तोही वैध क्रमांकच. नकार असेल तर कर्नेल ऋण संख्या देते: −२ म्हणजे अशी फाइलच नाही, −१३ म्हणजे परवानगी नाही. मग 'ऋण म्हणजे नकार' एवढा नियम पुरेसा नाही काय? नाही. काही सिस्टिम कॉल स्मृतीतील पत्ता परत देतात, आणि ३२ बिटांच्या यंत्रावर वरच्या भागातला पत्ता ऋण संख्येसारखा दिसू शकतो. म्हणून −१ ते −४०९५ एवढाच पट्टा नकारांसाठी राखून ठेवला आहे. सी भाषेची लायब्ररी हा पट्टा तपासते, नकाराचा आकडा 'एर्नो' नावाच्या जागी ठेवते आणि प्रोग्रॅमच्या हाती −१ देते. प्रोग्रॅमने आधी −१ आले का ते पाहावे आणि मगच एर्नो वाचावा. कारण विनंती मान्य झाली तरी एर्नोत मागच्या वेळचा आकडा तसाच पडून असू शकतो.

नकारापेक्षा फसवा असतो तो अर्धा होकार. १०,००० बाइट लिहायला सांगावे आणि उत्तर यावे ६,०००! ही चूक नव्हे. रेशनच्या दुकानात दहा किलो मागावे, सहा मिळावे आणि बाकीचे पुन्हा येऊन न्यावे, तसे उरलेल्या ४,००० बाइटांसाठी पुन्हा विनंती करावी लागते. जो प्रोग्रॅम '−१ आले नाही, म्हणजे झाले' असे धरून चालतो, त्याच्या हातून एखाद्याच्या प्रबंधाची शेवटची पाने हरवू शकतात.

याहून गंभीर प्रकार २०१० साली अँड्रॉइड फोनमध्ये उघडकीस आला. 'एडीबीडी' नावाची सेवा सर्वाधिकारी म्हणून सुरू होई आणि 'सेटयूआयडी' या सिस्टिम कॉलने आपले अधिकार सोडून सामान्य वापरकर्ता बने. त्या काळच्या लिनक्समध्ये त्या वापरकर्त्याच्या प्रक्रियांची संख्या मर्यादेला पोचली असली, तर ही विनंती फेटाळली जाई. हल्लेखोराने मुद्दाम प्रक्रियांची गर्दी केली आणि सेवा पुन्हा सुरू व्हायला लावली. कर्नेलने स्पष्ट नकार कळवला; पण सेवेने उत्तर वाचलेच नाही! सामान्य झालो या समजुतीत ती सर्वाधिकारीच राहिली आणि फोनचा संपूर्ण ताबा हल्लेखोराच्या हाती गेला.

पुढे २०११ साली लिनक्सच्या ३.१ या आवृत्तीत ती मर्यादेची तपासणी सेटयूआयडीतून काढून, नवा प्रोग्रॅम चालू करणाऱ्या सिस्टिम कॉलकडे सोपवली गेली. ऐकणारे ऐकत नाहीत, म्हणून सांगणाऱ्यालाच आपली रीत बदलावी लागली, असे मला यात दिसते. तरीही सेटयूआयडीचे उत्तर तपासावे हा सल्ला आजही मार्गदर्शिकेत कायम आहे, आणि तो योग्यच आहे. कारण नकाराचे ते एकच कारण नसते.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रोग्रॅम लिहितील, बरेचसे लिहिणार नाहीत. पण विनंती केली म्हणजे काम झाले, ही समजूत केवळ यंत्रांचीच आहे असे कोण म्हणेल?