घरातील धूर व गाळणी

आमच्या बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत छतास साणे ठेवीत. चुलीचा धूर त्यातून वर निघून जाई. पुढे पुष्कळ घरे सिमेंटची झाली, साणी गेली. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, गॅस आला. तरी पऱ्हाट्या व गोवऱ्या कित्येक घरी अद्याप जळतातच.

शहरांत हेपा नावाची हवेची गाळणी मिळते. ०.३ मायक्रॉनचे कण ती शेकडा ९९.९७ अडकविते. नवल हे की, याहून सूक्ष्म कण तिला अधिकच सापडतात. कारण ते सैरभैर हालत तंतूंवर आदळतात. परंतु कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तिला मुळीच आवरत नाही. थंडीत दारे लावून पेटती शेगडी उशाशी घेणारे याच वायूने दगावतात.

म्हणून यंत्राआधी चुलीवरच्या भिंतीत झरोका पाडावा, अशी पालकांस आमची विनंती आहे. तो नेमका कोठे पाडावा, हे चुलीपुढे रोज बसणारीस विचारावे.