आषाढी वारीसाठीं कुटुंबाचा तंबू : निवड व निगा

ज्येष्ठ महिना शेतकऱ्याच्या थैलीला सर्वांत जड जातो. बियाणें, खत, पेरणीची मजुरी हे सर्व खर्च एकाच वेळीं अंगावर येतात; आणि ज्या घरांत वारीची परंपरा आहे, त्या घरांत त्याच सुमारास पंढरीच्या प्रवासाची तयारीही चाललेली असते. आळंदीहून ज्ञानोबांची व देहूहून तुकोबांची पालखी निघाल्यावर पंढरपूरपर्यंतचें सुमारें २५० किलोमीटर अंतर चालावयास जवळजवळ तीन आठवडे लागतात, आणि हे दिवस ऐन पावसाचे असतात. दिंडीबरोबर जाणाऱ्यांची सोय दिंडीच्या राहुट्यांत होते. परंतु मुलेंबाळें व वृद्ध आईबाप बरोबर घेऊन स्वतःच्या वाहनानें मुक्काम गाठणाऱ्या कुटुंबास आपला निवारा आपणच करावा लागतो. बियाण्याच्या पैशांतून काढलेली ही रक्कम एका हंगामांत कुजून जाऊं नये, एवढ्याच हेतूनें तंबूची पारख कशी करावी याचा विचार येथें केला आहे.

पहिला प्रश्न कापडाचा. सुती कॅनव्हासचा मोठा गुण असा कीं, भिजल्यावर त्याचे धागे फुगतात व विणीचीं छिद्रें मिटतात. म्हणून नवा सुती तंबू प्रवासास नेण्यापूर्वीं अंगणांत उभारून दोनतीन वेळां पूर्ण भिजवावा व पूर्ण वाळवावा. शिवणींतील सुईचीं भोकेंही त्यामुळें बुजतात. हा संस्कार न करतां नेलेला तंबू पहिल्याच सरींत गळतो आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथीं येतो. सुती कापडांतून हवा खेळते, तें उन्हास चांगलें टिकतें, आणि फाटलें तर गांवचा शिंपीही ठिगळ लावूं शकतो. मात्र त्याचें वजन फार. पांचसहा माणसांचा कॅनव्हासचा तंबू भिजला म्हणजे दोघांनाही उचलतां उचलत नाहीं. गाडी थेट तळावर जात असेल तरच त्याच्या वाटेस जावें.

हल्लीं बाजारांत बहुतेक तंबू कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांत नायलॉन व पॉलिएस्टर असे दोन प्रकार येतात. नायलॉन हलका व चिवट खरा, परंतु तो ओला झाला म्हणजे सैल पडून लोंबतो, आणि उन्हानें लवकर विरतो. पाठीवर ओझें वाहून डोंगर चढणारास त्याचा उपयोग. आपल्या कामास पॉलिएस्टर बरें. चिठ्ठीवर ‘डेनिअर’ म्हणून एक आंकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. छतास ७५ व तळास १५० किंवा त्याहून अधिक असलें म्हणजे बेताच्या किंमतींत समाधान मानावें.

दुसरा आंकडा याहून महत्त्वाचा. कापडावर पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर चढविला असतां पाणी आरपार येऊं लागतें, तें त्यावरून कळतें. १५०० हा आंकडा साधारण पावसास पुरेसा समजला जातो. रात्रभर कोसळणाऱ्या आषाढी पावसांत छतास ३००० व तळास ५००० असावे हें बरें, कारण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकतो तेथें दाब फार वाढतो. नुसता ‘जलरोधक’ हा शब्द छापला असून आंकडा दिलेला नसेल, तर त्या शब्दाची किंमत शून्य धरावी.

दुकानांत तंबू उलगडून पाहण्यास संकोच करूं नये. आंतून शिवणींवर पट्टी चिकटविलेली आहे कीं नाहीं तें पाहावें. छत उजेडाकडे धरून शिवणींतून प्रकाशाचे ठिपके दिसतात काय तें पाहावें. आंतील लेपावरून बोट फिरवावें. बोट चिकटलें किंवा कुबट वास आला, तर तो माल दमट कोठारांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला आहे असें समजावें. तो लेप लवकरच पापुद्र्यांसारखा सुटतो. वरचें छत सर्व बाजूंनीं जमिनीजवळ येणारें असावें. डोक्यावर टोपीएवढेंच छत असलेले स्वस्त तंबू कोरड्या हवेचे आहेत. एकपदरी तंबूही टाळावा. पांच माणसांच्या श्वासाची वाफ रात्रीं थंड कापडावर सांचते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. छत गळत नसतांही तंबू गळतो असें पुष्कळांना वाटतें तें यामुळेंच. दोन पदर आणि वरच्या बाजूस झरोके हाच त्यावर उपाय.

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या म्हणजे खांद्यास खांदा लावून निजलेलीं माणसें. एकाच्या वांट्यास जेमतेम दोन फूट रुंदी येते. पांच माणसांच्या कुटुंबानें सात किंवा आठांचा तंबू घ्यावा. मात्र उभें राहण्याइतकी उंची, दोनतीन दालनें, मोठमोठ्या खिडक्या यांवर पैसा घालूं नये. उंच तंबूला वारा अधिक लागतो, आणि जितक्या शिवणी अधिक तितक्या गळतीच्या जागा अधिक. तोच पैसा दांड्यांवर खर्चावा. फायबरग्लासचा दांडा मोडतो तेव्हां त्याच्या चिरफळ्या उडतात; अल्युमिनियमचा वांकतो, आणि वरून नळीचा तुकडा बसवून वेळ निभावतां येते.

तळाविषयीं मात्र कोणतीही काटकसर क्षम्य नाहीं. मोकळ्या राहुटीस बहुधा तळ नसतो. पावसाळ्यांत बिळें पाण्यानें भरलीं कीं विंचूसाप कोरडी जागा शोधूं लागतात. मण्यार हा साप रात्रीं फिरतो व जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते कीं झोपेंत ती कित्येकदां कळतही नाहीं. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांतील सुमारें निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. तळ भिंतींशीं शिवलेला, कांठ वितभर वर उचललेला, आणि दाराची चेन खालपर्यंत घट्ट बसणारी असा तंबू असला, आणि चेन सदैव लावलेली ठेवली, तर लेंकरें निर्धास्त निजतात. तळाखालीं ताडपत्री अंथरावी, पण ती तंबूच्या तळाहून चार बोटें लहान असावी. बाहेर आलेल्या कांठावरील पाणी आंत ओढलें जातें. स्वैपाक तंबूंत कधींही करूं नये. पॉलिएस्टर पेट घेतें व वितळून अंगास चिकटतें, आणि बंद तंबूंतील शेगडीचा विषारी वायु झोपेंतच प्राण घेतो.

तंबूबरोबर मिळणाऱ्या काडीसारख्या खुंट्या टाकून द्याव्या. भिजलेली काळी जमीन खुंटीस धरत नाहीं, हें जनावर बांधणारास सांगावयास नको. फूट-सव्वाफूट लांबीच्या लोखंडी खुंट्या गांवच्या लोहाराकडून करून घ्याव्या व डोकें तंबूपासून बाहेरच्या बाजूस कलतें ठेवून ठोकाव्या. सुती दोऱ्या भिजल्या कीं आंखडतात, म्हणून पाऊस येण्यापूर्वीं त्या किंचित् ढिल्या कराव्या. नायलॉनच्या दोऱ्या उलट सैल पडतात, त्या पावसांत पुन्हा ताणाव्या.

किंमतीचा हिशेब रात्रींवर करावा. समजा, ३,००० रुपयांचा तंबू दोन वाऱ्या टिकला आणि ९,००० रुपयांचा आठ वाऱ्या. वारीच्या अठरा रात्री धरल्या, तर पहिल्याची रात्र सुमारें ८३ रुपयांस पडते व दुसऱ्याची ६२ रुपयांस. ज्यांना एकदांच जावयाचें आहे त्यांनीं मात्र विकत घेऊंच नये; मंडपवाल्याकडून भाड्यानें आणावा, किंवा भाऊबंदांनीं मिळून एक घ्यावा.

तंबूचें आयुष्य मात्र घरीं परतल्यावरच ठरतें. मुक्कामावर तो ओलाच गुंडाळावा लागला, तरी पुढच्या मुक्कामीं उघडीप मिळतांच पसरावा. घरीं आल्यावर चिखल साध्या पाण्यानें धुवावा, सोडा किंवा साबण लावूं नये, आणि सावलींत पूर्ण वाळवावा. शिवणी व कोंपरे सर्वांत शेवटीं वाळतात, ते हातानें चाचपून पाहावे. पिकाच्या राखणीस तोच तंबू शेतांत महिनोन्महिने उभा ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्या कामास खोप आहे, आणि पॉलिएस्टरला पावसापेक्षां ऊनच अधिक मारतें. घडी दर खेपेस एकाच रेघेवर न घालतां सैल गुंडाळावी, आणि धान्याच्या खोलींत न ठेवतां आढ्यास टांगावी, कारण धान्य खावयास आलेला उंदीर शेजारचें कापडही सोडत नाहीं.