ओकारीची गोळी विचारून घ्या



ओकारी कोणाला होत नाही? शिळे अन्न खाल्ले, घाटातून एस.टी.चा प्रवास झाला, पित्त खवळले, की मळमळते आणि ओकारी होते. मग घरातले कोणीतरी म्हणते, "मागच्या वेळची गोळी डब्यात आहे, ती द्या." आज त्या गोळीची हकीगत सांगतो. माझ्या हातून चूक झाली, म्हणून सांगतो.

माझी चूक

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सुटीत आमच्याकडे आली होती. वय सतरा. एका लग्नात जेवण झाले आणि दुपारपासून पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. काही महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीला डॉक्टरांनी ओकारीवर गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या तीन उरल्या होत्या. पट्टी कातरलेली होती. नावाचा भाग गेला होता. तरी मी एक गोळी दुपारी, एक रात्री आणि एक सकाळी अशा तिन्ही दिल्या. ओकारी थांबली. मला वाटले, बरे झाले, दवाखान्याचा हेलपाटा वाचला.

त्याच संध्याकाळी पोरीची मान एका बाजूला वळली. वळली ती सरळ होईना. डोळे वर चढले. जबडा आवळला. जीभ वाकडी होऊ लागली. ती शुद्धीवर होती. आमचे बोलणे तिला कळत होते. पण तिला बोलता येत नव्हते. डोळ्यांतून नुसते पाणी वाहत होते.

शेजारीपाजारी जमले. कोणी म्हणाले, "बाहेरचे दिसते. लिंबू उतरवा." कोणी म्हणाले, "धनुर्वात आहे." म्हातारी आत्या अंगारा घेऊन आली. भगताला बोलवायला माणूस निघालासुद्धा. माझी पत्नी तेवढी म्हणाली, "अहो, कालपासून पोरीच्या पोटात नवे काय गेले? तुमच्या गोळ्याच ना? आधी दवाखाना गाठा."

जीप करून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "गुरुजी, हिला कोणते औषध दिले होते?"

मला नाव सांगता येईना. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, पण स्वतः न वाचता औषध दिले. मी मान खाली घातली. पत्नीने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली. तिच्यावर नाव होते, मेटोक्लोप्रमाइड.

बाईंनी एक इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. पोर उठून बसली आणि पाणी प्यायली.

बाई म्हणाल्या, "ही बाधा नव्हे. धनुर्वातही नव्हे. हा त्या गोळीचा दुष्परिणाम आहे. एक-दोन दिवस पुन्हा असे होऊ शकते, म्हणून या वेगळ्या गोळ्या देते. ते औषध मात्र हिला पुन्हा कधी देऊ नका. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, तर हे आधी सांगा."

भगताची वाट पाहत बसलो असतो, तर पोरीचे किती हाल झाले असते!

असे का होते?

आपल्या मेंदूत ओकारीचा हुकूम देणारी एक जागा आहे. तिथे निरोप पोचवण्याचे काम एक रसायन करते. त्याचे नाव डोपामीन. ही गोळी त्याचा निरोप अडवते. म्हणून ओकारी थांबते.

पण हेच डोपामीन मेंदूत दुसरेही काम करते. हात, पाय, मान, जीभ यांची हालचाल नीट चालावी, म्हणून ते लागते. एका पाटावर दोन शेते आहेत असे समजा. एका शेतात पाणी फार झाले, म्हणून आपण पाटाचे दार लावले. पण मग दुसऱ्या शेताचेही पाणी तुटते. तसेच इथे होते. ओकारी थांबते, पण कोणाकोणाची मान वाकडी होते.

हे सगळ्यांना होत नाही. पुष्कळांना या गोळीने नुसता आरामच पडतो. पण लहान मुले आणि तरुण माणसे, त्यातही तरुण मुली, यांना हा त्रास अधिक होतो. बहुधा औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतो.

आणखी कोणते त्रास?

या गोळीने झोप येते. म्हणून ती घेतल्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीच्या काठावर, यंत्रावर काम करू नये. दारू तर मुळीच पिऊ नये. दारूने गुंगी वाढते. कोणाला पातळ जुलाब होतात. कोणाला अस्वस्थ वाटते, एका जागी बसवत नाही.

गोळी महिनोन्‌महिने घेतली, तर आणखी मोठा धोका आहे. तोंड सारखे चावल्यासारखे हलते, जीभ आत-बाहेर होते. हा त्रास गोळी बंद केली तरी कधी कधी जात नाही. म्हणून २००९ साली अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने ठळक इशारा छापायला लावला, की बारा आठवड्यांच्या वर ही गोळी घेऊ नये. २०१३ साली युरोपच्या औषध संस्थेने सांगितले, की एका वेळी पाच दिवसांच्या वर देऊ नये. मोठ्या माणसाला दहा मिलिग्रॅमची एक, अशा दिवसाला तीनच. एक वर्षाच्या आतील बाळाला मुळीच नाही.

कंपवात, फिट, मूत्रपिंडाचा विकार किंवा आतडे अडल्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही सांगावे. दुसरी औषधे चालू असतील, तर तीही दाखवावी.

ओकारीवर ऑन्डॅनसेट्रॉन आणि डोमपेरिडोन अशीही औषधे आहेत. त्यांचे गुण वेगळे, धोकेही वेगळे. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांत त्यांनी बिघाड होतो. तेव्हा "ओकारीची गोळी द्या" असे दुकानदाराला नुसते म्हणू नये.

ओकारी हा निरोप आहे

ओकारी हा स्वतः रोग नव्हे. आत काहीतरी बिघडले, याचा तो निरोप आहे. शेतात औषध फवारून आलेला गडी ओकतो. डोक्याला मार लागलेला ओकतो. कावीळ झालेला ओकतो. यांना गोळी देऊन ओकारी दाबली, तर खरा रोग आत वाढतो.

ओकारीत रक्त दिसले, पोट फार दुखले, भान हरपू लागले, लघवी होईना, फवारणीचे विष पोटात गेल्याचा संशय आला, तर घरी थांबू नये. १०८ या क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

साध्या ओकारी-जुलाबात अंगातले पाणी जाते. आशाताईंकडून जलसंजीवनीची पुडी घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. ओकारी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे. मग चमच्या-चमच्याने पाजत राहावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

आता तुम्ही वाचता

तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग इथे करा. औषधाच्या पट्टीवर नाव बहुधा इंग्रजीत असते. दुकानदाराला नाव विचारा आणि ते मराठीत कागदावर लिहून ठेवा. कोणाचे औषध, कशासाठी, किती वेळा, किती दिवस, हेही लिहा. तो कागद पट्टीला दोऱ्याने बांधा. पट्टीवर तांबडी उभी रेघ दिसली, तर समजावे की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही.

माझ्या घरात आता औषधाच्या डब्यात उरलीसुरली गोळी नाही. प्रत्येक पट्टीला कागद आहे. आणि पुतणीच्या वहीत पहिल्या पानावर तिनेच लिहिले आहे, "मला मेटोक्लोप्रमाइड सोसत नाही."

लक्षात ठेवा

१. एकाला दिलेले औषध दुसऱ्याला देऊ नये.
२. नाव ठाऊक नसलेली गोळी पोटात घालू नये.
३. डॉक्टरांनी सांगितले तेवढीच गोळी, तेवढेच दिवस घ्यावी.
४. औषध घेतल्यावर मान, डोळे, जीभ वाकडी झाली, तर पुढची गोळी देऊ नये. भगताकडे नव्हे, दवाखान्यात जावे. पट्टी आणि चिठ्ठी बरोबर न्यावी.
५. कोणते औषध सोसत नाही, ते लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना सांगावे.