राष्ट्राची तिथी

दरवर्षी १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांतून व कचेऱ्यांतून आग विझविण्याची प्रात्यक्षिके होतात, शिडी उंच चढते, पाण्याचा फवारा सुटतो, आणि मुले टाळ्या पिटतात. आम्ही अध्यापनात असताना अशी प्रात्यक्षिके पुष्कळ पाहिली. एका वर्षी वर्गातील एका चौकस मुलाने विचारले, "गुरुजी, हा सप्ताह एप्रिलातच का?" आम्ही उन्हाळ्याचे, वाळल्या गवताचे व तापल्या पत्र्यांचे कारण सांगून वेळ मारून नेली. मुलाचे समाधान झाले. पण आमचे झाले नाही, म्हणून घरी येऊन शोध घेतला. आणि जे हाती लागले ते वाचून आपण त्या मुलास काय सांगितले याची लाज वाटली. तो सप्ताह हवामानाचा नव्हता. तो श्राद्धाचा होता.

१४ एप्रिल १९४४ हा शुक्रवार होता. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागले होते. इंग्लंडहून निघताना त्याने सुमारे १,४०० टन दारूगोळा पोटात घेतला होता. शिवाय सुमारे नऊ लाख पौंड किमतीच्या सोन्याच्या विटा होत्या. वाटेत कराचीस त्यावर कापसाच्या हजारो गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, गंधक असा नाना प्रकारचा माल चढविला गेला. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! असा शेजार कोणी शहाणा गृहस्थ आपल्या कोठीत करणार नाही. पण युद्धाच्या घाईत तो झाला. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावावयाचे लाल निशाणही जहाजावर नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसू लागला. बंब आले, पाणी मारणे सुरू झाले. नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले तरी आगीचे मूळ सापडेना. जहाज ओढून समुद्रात न्यावे, की तेथेच बुडवावे, की झुंजत राहावे, याविषयी अधिकाऱ्यांत खल चालला. तेथे अधिकारी अनेक होते, पण अखेरचा शब्द कोणाचा हे ठरलेले नव्हते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही भीषण. 'जलपद्म' नावाचे दुसरे एक जहाज उचलले जाऊन त्याचा मागला भाग धक्क्यावरील गुदामाच्या छपरावर जाऊन बसला. पेटलेल्या कापसाच्या गाठी व तापलेले लोखंड यांचा मांडवी आणि मशीद बंदर या दाट वस्तीवर वर्षाव झाला. जपानी विमाने आली असाच कित्येकांचा समज झाला. सोन्याची एक वीट एका वृद्ध पारशी गृहस्थाच्या घरात छपरातून येऊन पडली, ती त्याने सरकारात जमा केली, आणि मिळालेले बक्षीस संकटग्रस्तांच्या फंडास देऊन टाकले. दूर शिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्या धक्क्याची नोंद उमटली.

अग्निशामक दलाचे ६६ लोक त्या दिवशी कामावर असता मेले. ते आगीला पाठ दाखवून पळाले नव्हते. नळ्या हातात धरून उभे होते. गोदीच्या निरनिराळ्या खात्यांतील मृतांची संख्या त्यांच्यासह २३१ धरली जाते. इतर नागरिक ५०० हून अधिक. कोणी एकंदर आकडा ८०० सांगतो, कोणी १,३०० पर्यंत नेतो. सुमारे ८०,००० लोक घरांस मुकले. बंगालच्या दुष्काळास वर्ष उलटले नव्हते, अशा काळी हजारो टन धान्य जळाले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. आणि ढिगारा उपसून गोदी पुनः चालू करण्यास सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली.

आता प्रश्न असा, की राष्ट्रास हे आठवते काय?

उत्तर चमत्कारिक आहे. राष्ट्र हा दिवस दरवर्षी पाळते, तरी त्यास तो आठवत नाही. अर्थ न जाणता संध्येचे मंत्र घोकणारा बटू जसा आचमन चुकवीत नाही, पण कोणास आवाहन करतो हे विचारल्यास गोंधळतो, तशी आपली अवस्था आहे. विधी शिल्लक राहिला, संकल्प विसरला. १४ एप्रिल म्हणताच आपणांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि तशी ती आठवावी हे सर्वथा उचितच आहे. परंतु एका दिवसास दोन ऋणे असू शकतात.

हे विस्मरण का घडले याचा विचार केला तर तीन कारणे दिसतात. पहिले, ही वार्ता जन्मतःच दाबली गेली. तिचा सविस्तर वृत्तांत जगास प्रथम कळला तो दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव येथील नभोवाणीवरून! आपल्याकडील बातमीदारांस हकीकत बाहेर धाडण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या दुःखास पहिले दहा दिवस मोठ्याने रडू दिले जात नाही, ते पुढे बोलण्यात येत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे. दुसरे कारण, पुढील घटनांची गर्दी. तीन वर्षांत स्वातंत्र्य आले आणि फाळणीचा प्रलयही आला. त्या पुरात हे रक्त वाहून गेले. तिसरे कारण सांगताना जड वाटते. मेले त्यांतील बहुतेक हमाल, गोदी कामगार, गुदामांतील कारकून, दाट चाळींतील गोरगरीब होते. आठशे की तेराशे? या दोन आकड्यांतील पाचशेंचे अंतर हीच विस्मृतीची पहिली पायरी होय. ज्यांची मोजदाददेखील धड झाली नाही त्यांचे स्मरण कोणी करावे?

कोणी म्हणेल, विसरणे हाही मनाचा धर्म आहे. राष्ट्राने प्रत्येक आघात उराशी धरला तर त्याने जगावे केव्हा? हा आक्षेप खोटा नाही. पण आपल्या पूर्वजांनी त्यास उत्तर देऊन ठेविले आहे. त्यांनी सुतक आणि श्राद्ध या दोन वेगळ्या गोष्टी केल्या. सुतक दहा दिवसांनी संपते, संपलेच पाहिजे; तेराव्या दिवशी गोडाचे जेवण करून मनुष्याने पुनः व्यवहारास लागावे. श्राद्ध मात्र वर्षातून एक दिवसाचे, पण चुकवावयाचे नाही. शोकास मर्यादा घातली. स्मरणास घातली नाही. शब्दांचीही गंमत पाहा. तिळमिश्रित पाण्याची ओंजळ मृताच्या नावे सोडणे ही तिलांजली. ती मूळ स्मरणाची खूण. व्यवहारात मात्र 'एखाद्या गोष्टीस तिलांजली देणे' म्हणजे ती कायमची सोडून देणे असा अर्थ रूढ झाला. त्या ६६ जणांस राष्ट्राने तिलांजली दिली ती पहिल्या अर्थाने की दुसऱ्या, हाच खरा प्रश्न आहे.

आणि स्मरण केवळ भावनेसाठी नसते. टेक्सास सिटी या अमेरिकेतील बंदरात १६ एप्रिल १९४७ रोजी 'ग्रँडकँप' नावाच्या जहाजावर आग लागली. जहाजात अमोनियम नायट्रेट हे खत होते. बंब घेऊन गेलेले तेथील अग्निशामक दल जवळजवळ सगळेच्या सगळे नाहीसे झाले. मृतांची संख्या पाचशेंहून अधिक. पुढे ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील गुदामात तोच पदार्थ, २,७५० टन, पेटला. अधिकाऱ्यांस सूचना मिळाल्या होत्या, कागद या मेजावरून त्या मेजावर फिरत होते, पण माल वर्षानुवर्षे तेथेच पडून होता. दोनशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत प्रथम आग विझवावयास धावलेल्या दलाची दहा माणसे होती. वाचकहो, मुंबई, टेक्सास सिटी आणि बैरूत यांची हकीकत एकापुढे एक ठेवून पाहा. वस्तीला लागून बंदर, पोटात स्फोटक माल, निर्णयास धनी नाही, आणि शेवटी पाण्याची नळी घेऊन पुढे झालेला साधा मनुष्य. नाव बदलते, गोष्ट तीच. जे राष्ट्र आपली गोष्ट मुलांस सांगत नाही ते ती पुनः भोगावयास तयार राहते.

स्मरण कसे करावे याचेही उदाहरण आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी 'माँ-ब्लाँ' हे दारूगोळ्याचे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन पेटले व फुटले. दोन हजारांच्या आसपास माणसे मेली. त्या संकटात अमेरिकेतील बोस्टन शहराने तत्काळ मदत धाडली. त्या उपकाराची आठवण म्हणून १९७१ पासून दरवर्षी तेथून नाताळाचा एक मोठा वृक्ष बोस्टनला पाठविला जातो. तो वृक्ष पाहून बोस्टनमधील लहान मूलही विचारते, हा कोठून आला? आणि कोणी वडीलधारे ती कथा सांगते. आपल्याकडेही भायखळ्यास अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यात हुतात्म्यांचे स्मारक आहे, आणि दलाचे लोक त्यास दरवर्षी वंदन करतात. म्हणजे घरच्यांनी तिथी राखली आहे. राखली नाही ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, अर्थात आपण सर्वांनी. खुद्द ती व्हिक्टोरिया गोदी तर भराव घालून बुजविली गेली आहे. जागाच उरली नाही तेथे शब्दांवाचून आधार कोणता?

येथे एक गोष्ट निकडीची आहे. श्राद्धात आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचे नावाने स्मरण करतो. त्यापलीकडचे पितर नामरहित होतात. ही शास्त्राची निष्ठुरता नव्हे. मानवी स्मृतीचा तो खरा पल्ला आहे. पानिपताची गोष्ट निराळी. १४ जानेवारी १७६१ चा तो घाव मराठी भाषेनेच अंगावर वागविला. आजही कोणाचा सर्वनाश झाला की त्याचे 'पानिपत' झाले असे आपण म्हणतो. गोदीच्या स्फोटाने भाषेत असा एकही शब्द ठेविला नाही. त्याचा भार सर्वस्वी माणसांच्या तोंडी आहे. १९४४ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीत आहेत. तिसरी पिढी उंबरठ्यावर उभी आहे.

म्हणून आमची विनंती मोठ्या स्मारकाची नाही. ज्या घरांत मुंबईचे कोणी वयोवृद्ध आजोबा-आजी असतील त्यांनी त्या शुक्रवारची हकीकत त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून ठेवावी. काचा कशा फुटल्या, आकाशाचा रंग कसा होता, कोण घरी परतले नाही. आणि येत्या १४ एप्रिलला शाळेतून प्रात्यक्षिक पाहून मूल घरी आले की त्यास सांगावे, की ही शिडी आणि हा फवारा ज्यांच्या नावे आहे ते ६६ जण होते, आणि ते मुंबईच्या गोदीत उभे राहिले होते.

त्या चौकस विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी खरे उत्तर सांगावयास हवे होते. पुढला धडा घाईचा होता. ते राहून गेले. तो आता कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या हाती हे पान पडले, तर त्याने आमचे जुने उत्तर खोडावे आणि हे लिहून घ्यावे.