त्र्यंबकच्या रस्त्यावर सांडलेला आकडा

४९,१५२. हा आकडा खिशात टाका. पुढे लागणार आहे.

१९८२च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. रबराची बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि साठवण गाण्यांच्या कॅसेटवर. पुढे डेसिबेल्स या कंपनीनं त्याची परवानाधारक आवृत्ती भारतात विकली. आखातातल्या नातेवाइकांच्या बॅगांतूनही असली यंत्रं आपल्याकडे येत. ज्यांच्या घरी ते आलं, त्यांची आज पन्नाशी उलटली असेल, पण कॅसेट लोड होतानाची ती किंचाळी ते अजून हुबेहूब काढून दाखवतात.

स्पेक्ट्रमची मेमरी ४८ केबी. एक केबी म्हणजे १,०२४ बाइट, म्हणजे एकूण ४९,१५२ बाइट. आता पडद्याकडे वळू. आडवे २५६ ठिपके, उभे १९२. करा गुणाकार. ४९,१५२! जितके ठिपके, तितकेच बाइट, एक इकडचा तिकडे नाही. आणि मुंबई ते पुणे लोहमार्ग किती? १९२ किलोमीटर! म्हणजे दर किलोमीटरला पडद्याची एक ओळ. पहिली ओळ सीएसएमटीला, शेवटची पुणे स्टेशनात.

पण या योगायोगात एक गोची आहे. दर ठिपक्याला एक बाइट दिला, तर एकाच चित्रात मेमरी खलास. चित्र तयार, पण ते काढणारा प्रोग्रॅम ठेवायला जागाच नाही! मग काटकसर केली. ठिपक्याला बाइटचा फक्त आठवा हिस्सा, म्हणजे एक बिट: पेटलेला की विझलेला, बस्स. झाले ६,१४४ बाइट. रंग मात्र ठिपक्याला नाही, आठ बाय आठच्या चौकोनाला. असे चौकोन ७६८, प्रत्येकाला एक बाइट. सगळं मिळून ६,९१२. एका चौकोनात दोनच रंग, तिसऱ्याला प्रवेश नाही. त्यामुळे लाल सदऱ्याचा नायक हिरव्या झाडाजवळून गेला की त्याचा सदरा हिरवा तरी व्हायचा किंवा झाड लाल तरी. तेव्हा लोक याला वैतागत, आता याच दोषाच्या आठवणीनं गहिवरतात. माणसाचं काही सांगता येत नाही.

उरले ४२,२४० बाइट. एवढ्या खोलीत १९८५ साली ओसीपी या कंपनीचा 'द आर्ट स्टुडिओ' हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम थाटला गेला. ब्रश, रंगाचा फवारा, बंद आकार भरून टाकणारी सोय, भिंग, वरून खाली उघडणारे मेनू, सगळं त्यात. काका-मावशींच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं सुप्रभातचं गुलाबाचं फूल शंभर केबीचं धरलं, तर त्या एका फुलाला दोन स्पेक्ट्रमही पुरत नाहीत. फूल हलतसुद्धा नाही!

शाळांची कथा वेगळी नव्हती. १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. मेमरी ३२ केबी, आणि सगळ्यांत बारीक ठिपक्यांचं चित्र लावलं की त्यातले २० केबी एकट्या पडद्याच्या घशात. नंतरच्या पिढीला 'लोगो' या संगणकभाषेतलं कासव आठवत असेल. 'एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे' हे ३६० वेळा सांगितलं की वर्तुळ पुरं. तेही संथपणे.

आता फोन काढा. नाशिकच्या गोदाघाटावर उभं राहून एक फोटो घ्या, साधा बारा मेगापिक्सेलचा. ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. दर ठिपक्याला तीन बाइट. न दाबता, न आवळता ठेवला तर तीन कोटी साठ लाख बाइट. एका बाइटला एक रुपया धरू. नाशिकरोडच्या नोट प्रेसकडून पाचशेच्या नोटा मागवू. स्पेक्ट्रमच्या सगळ्या मेमरीसाठी ९९ नोटा. शंभराची गड्डीसुद्धा भरत नाही! फोटोसाठी ७२,००० नोटा. ७२० गड्ड्या!

आणि हाच फोटो स्पेक्ट्रमच्या कॅसेटवरून उतरवायचा म्हटला तर? कॅसेट सेकंदाला सरासरी दीड हजार बिट देते. लागतील १,९२,००० सेकंद. (पुन्हा १९२! मी मुद्दाम काही केलेलं नाही.) म्हणजे ५३ तास २० मिनिटं. डेक्कन क्वीननं दम न खाता ये-जा केली, तर तेवढ्यात तिच्या मुंबई-पुणे आठ फेऱ्या होऊन वर चहाला वेळ उरेल. आणि फीत किती लागेल? सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सुमारे ९,१४० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. पाच कळसूबाया एकावर एक रचा, फीत उरते. एव्हरेस्टच उभा करा, ८,८४९ मीटरचा. तरी जवळजवळ तीनशे मीटर फीत उरते! एका फोटोला!

फोटोचं राहू द्या, सिनेमा घेऊ. तो घ्यायचा तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचाच. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र', लांबी सुमारे ३,७०० फूट. फुटाला सोळा चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं. स्पेक्ट्रमचं एक चित्र कॅसेटवरून यायला जवळजवळ ३७ सेकंद. सगळी चित्रं यायला २५ दिवस आणि सहा तास. सिनेमा मात्र चाळीस मिनिटांचा! फितीची लांबी १०४ किलोमीटर. सीएसएमटीहून अंथरत निघालात, तर कर्जत मागे पडून तुम्ही घाट चढायला लागलेले असाल.

असे स्पेक्ट्रम जगात विकले गेले पन्नास लाखांवर. पन्नास लाखच धरू. एकेक सव्वातेवीस सेंटिमीटर रुंद. ओळीनं मांडा: मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, अशा तीन पूर्ण फेऱ्या, आणि वर दहा-बारा किलोमीटर शिल्लक. एकेक साधारण साडेपाचशे ग्रॅमचा. लासलगावहून कांदा नेणारे वीस टनी ट्रक बोलवा, १३८ लागतील. आता या १३८ ट्रकांतली सगळी मेमरी एकत्र ओता. प्रत्येकी ४८ केबी धरून भरते २४,५७६ कोटी बाइट. आणि नाशिकच्या एमजी रोडवर कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या २५६ जीबीच्या फोनची साठवण? २५,६०० कोटी. अख्खा ताफा एका खिशात, आणि तरी जागा उरली! आपल्या रुपयाच्या हिशेबानं हा फोन म्हणजे पाचशेच्या ५१ कोटी वीस लाख नोटा. नोट १५ सेंटिमीटर लांब. टोकाला टोक लावलं तर पृथ्वीचे दोन वेढे थोडक्यात हुकतात.

मग काय, बिचारा स्पेक्ट्रम लहानच ठरला? थांबा. खिशातला आकडा आता बाहेर काढा.

४९,१५२ ठिपके. प्रत्येक एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. एका ठिपक्याची दोन चित्रं होतात. दोन ठिपक्यांची चार. दहांची १,०२४. विसांची दहा लाखांवर. तिसांची शंभर कोटींवर! आणि ४९,१५२ ठिपक्यांची? त्या आकड्यात १४,७९७ अंक आहेत. आपली जुनी मोजणी परार्धाला थांबते, तो अठरा अंकी. हा चौदा हजार सातशे सत्त्याण्णव अंकी!

तो लिहायला रस्ताच हवा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकच्या दिशेनं चालू लागा. दर मीटरला खडूनं एक अंक लिहा. विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षं, स्पेक्ट्रमनं सेकंदाला पन्नास नवी चित्रं दाखवली असती, तर आजवरच्या चित्रांचा आकडा वीस मीटरांत संपला असता. दिसणाऱ्या साऱ्या विश्वातले अणू? सुमारे ऐंशी मीटर. सीबीएसची गर्दीसुद्धा मागे पडलेली नाही. आणि आपला आकडा? तो चालतोच आहे. सातपूर येतं, जातं. अठ्ठावीस किलोमीटरच्या रस्त्याचा निम्मा भाग सरतो, मग कुठे शेवटचा अंक पडतो.

त्या चित्रांच्या ढिगात काय नाही? तुमच्या पणजीचा चेहरा आहे, ठिपक्यांत का होईना. अजून जन्माला न आलेल्या तुमच्या पणतूचाही आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा बराच भाग काळाच्या ओघात हरवला, पण त्यातलं एकेक हरवलेलं चित्र, जाडंभरडं पण ओळखू येईलसं, तिथे आहे. शोधायला मात्र विश्वाचं वय अपुरं.

आणि हे सगळं काळ्या-पांढऱ्यात. रंगांचे ते ७६८ बाइट आपण अजून मोजलेलेच नाहीत! तेही मोकळे सोडले, तर पडद्याच्या मेमरीच्या मांडण्यांचा आकडा होतो १६,६४६ अंकी. उचला खडू, आणखी १,८४९ मीटर चाला. त्र्यंबक तरीही अकरा किलोमीटर लांबच आहे.